पलीकडच्या खोलीतला नवरा

टी. नगर, चेन्नई
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप शर्मिष्ठावन्सं यांना विद्युलतेचा साष्टांग नमस्कार. (गुडघे दुखतात असं मागे कळवलं होतंत, म्हणून नमस्कार लांबूनच करते, पाय धरत नाही.) गुडघे आता कसे आहेत? माधवरावांची साखर आटोक्यात आहे ना? की अजून लपवून पेढे खातात? हल्ली आपलं बोलणं म्हणजे तुम्ही सकाळी फोनवर पाठवता ती गुलाबाची फुलं आणि उलट मी पाठवते ते जोडलेले हात. फुलं सुंदर असतात, पण त्यावरून गुडघ्यांचं काही समजत नाही. म्हणून म्हटलं, कागद घेऊन बसावं.

माझं म्हणाल तर मी ठणठणीत आहे. ज्या बाईने या गावात तीस वर्षं मुलांना हिंदी शिकवलं, तिला सहसा कशाची भीती वाटत नाही. तुम्ही लग्नाला आला नाहीत याचंही मला मुळीच वाईट वाटलं नाही. रजिस्ट्रारच्या कचेरीत बसायला धड बाक नव्हतं, तुमचे हाल झाले असते. आता गिरिधररावांविषयी. (पत्रात मी त्यांना नावानेच लिहिते. 'हे' म्हटलं की तुम्हालाही आणि मलाही दुसराच माणूस आठवतो.) तुम्हाला त्यांची माहिती फारशी नसणार. त्यांची माणसं तंजावरची, पण मराठी. पूर्वज राजेलोकांबरोबर खाली आले आणि राहिले. बोलतात आपलंच, पण त्या काळातलं, आणि मधेमधे तमिळ. 'नको'ला 'नक्को' म्हणतात आणि 'कशाला'ला 'कसाला'. मी सुरुवातीला सुधारायला गेले, तेव्हा म्हणाले की आम्ही निघालों तेव्हां हेंच होतें, बदललात तुम्ही. त्या दिवसापासून मी सुधारणं सोडलं. ओळख झाली ती पाँडी बाजारच्या तोंडाशी. मी एका रिक्षावाल्याला मराठीतून झापत होते (रागावले की माझं तमिळ संपतं), ते ऐकून हे गृहस्थ थांबले, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मला शांतपणे सांगितलं की रिक्षावाल्याचं बरोबर आहे. मला फार राग आला. पुढच्या वर्षी लग्न केलं.

तर मुद्दा असा की गिरिधरराव ऑस्ट्रेलियाचे नागरिक आहेत. उभा जन्म मेलबर्नला इंजिनियर म्हणून काढला, पहिली पत्नी तिकडेच गेली, मग म्हाताऱ्या आईला बघायला इथे आले ते आई गेल्यावरही इथेच राहिले. मुलगी लावण्या तिकडे आहे, तिला आता बाळ झालंय, आणि नातवाला फोनच्या काचेत बघून त्यांचं पोट भरत नाही. जायचं तर मला पत्नी म्हणून व्हिसा हवा, आणि तो मिळायचा तर आमचं लग्न खरं आहे हे त्या सरकारला पटवायला हवं. मला यात काहीच अवघड वाटलं नाही. लग्न खरंच होतं.

कागदपत्रांसाठी आम्ही शेषाद्री नावाच्या सल्लागाराकडे गेलो. साड्यांच्या दुकानाच्या वर त्याचं ऑफिस आहे. खाली इतकी गर्दी, की मी वर पोचेपर्यंत दोघींनी मला सेल्सगर्ल समजून पैठणीचा भाव विचारला होता. शेषाद्री हुशार आहे, बोलतो भराभर. त्याने फोटो बघितले, बँकेचं पासबुक बघितलं, खूश झाला, आणि सहज विचारावं तसं विचारलं की बेडरूम कुठल्या दिशेला आहे. गिरिधरराव म्हणाले, कुणाची? शेषाद्रीने पेन खाली ठेवलं.

वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं, आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपतो. भांडण नाही, काही नाही. मेलबर्नच्या थंडीत मुरलेला माणूस तो, त्यांना एसी अठरावर लागतो आणि वर दुलई. मला पंख्याशिवाय दुसरं काही सोसत नाही. शिवाय ते घोरतात. (घोरतात म्हणजे माधवरावांसारखं नाही. माधवराव घोरतात ते घरगुती आहे.) उलट त्यांचं म्हणणं असं की मी झोपेत हिंदीचं व्याकरण शिकवते, आणि मधेच कुणाला तरी बाकावर उभं करते. हे मला मान्य नाही, पण त्यांना खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे काय समजायचं ते समजा. लग्नानंतर आठवडाभरातच ते म्हणाले, तुम्ही इकडे निजा, मी पल्याड असतों, दार उघडं ठेवतों. तेव्हापासून आमचा संसार उत्तम चालला आहे.

शेषाद्रीला हे काही पटेना. त्याचं म्हणणं, सर, मुलाखतीत झोपायची व्यवस्था विचारतात. एक खोली, एक पलंग पाहिजे. वेगळी खोली म्हटलं की संशय. त्याने आम्हाला पाठ करायला प्रश्न दिले. कोण कुठल्या बाजूला झोपतं, दिवा कोण मालवतं, असले. मला हे सोपं वाटलं, पाठांतर हा माझा धंदाच आहे. गिरिधरराव मात्र जिना उतरताना म्हणाले की मी खोटं सांगणार नाही. मी म्हटलं, मग खरंच एका खोलीत झोपू, म्हणजे खोटं सांगायचा प्रश्नच उरणार नाही. अशी तोड मला चटकन सुचते.

माझी खाट दोन हमालांनी पलीकडच्या खोलीत नेऊन त्यांच्या पलंगाला चिकटवली. आमच्याकडे कामाला येणारी अलमेलू हे सगळं दारात उभी राहून बघत होती. इतके दिवस दोन खोल्यांतले दोन बिछाने तीच झटकत होती, कधी चकार शब्द बोलली नाही. पण खाट हलली आणि तिने ठरवून टाकलं की अम्मा-अय्यांचं इतके दिवस बिनसलं होतं ते मिटलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आली आणि हसून निघून गेली. त्यानंतर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या श्रीविद्याने माझा हात दाबून, फार बरं झालं आंटी, म्हटलं. खालच्या वॉचमनने गिरिधररावांना सलाम ठोकला. या वयात, वन्सं, आमचं एका खोलीत झोपणं ही अख्ख्या इमारतीची आनंदाची बातमी झाली.

आणि खोलीत काय चाललं होतं? एसी त्यांनी माझ्यासाठी चोवीसवर आणला, त्यामुळे ते घामाघूम. मी त्यांच्यासाठी चोवीस सोसला, त्यामुळे मी काकडलेली. शेवटी ट्रंकेतून ती कानटोपी काढली, तुम्ही विणून पाठवलेली. (चेन्नईत लोकरीची टोपी पाठवली म्हणून मी आणि तुमचे भाऊ तेव्हा किती हसलो होतो. आज कबूल करते, टोपी फार ऊबदार आहे.) टोपीचा दुसरा उपयोग आवाज कमी ऐकू यावा हा होता, तो काही साधला नाही. त्यांचीही झोप होईना, कारण मी म्हणे क्रियापदं चालवत होते. दिवसा दोघंही भेलकांडत असायचो. ते बँकेत रांगेत उभ्या उभ्या झोपले आणि मागच्या माणसाने त्यांना पुढे ढकलत ढकलत खिडकीपर्यंत नेलं. माझं त्याहून वरचढ झालं.

मला पॅरीसला जायचं होतं. (आमच्या इथलं पॅरीस कॉर्नर. गैरसमज नको.) बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, वारा लागला, आणि मी जी झोपले ती कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा उठले. बस रिकामी. बाहेर धुरांडी, पलीकडे वाळत घातलेली मासळी, आणि सगळ्यावर राखेचा पातळ थर. एन्नोर, म्हणजे शहराचं पार उत्तरेकडचं टोक. पॅरीस मागे पडून पुष्कळ वेळ झाला होता. मी घाबरले नाही. शांतपणे गिरिधररावांना फोन केला आणि कळवलं की मी जरा लांब आले आहे, परतीच्या बसने येते, तुम्ही येऊ नका. ते म्हणाले, सरी, म्हणजे बरं. आणि आले. लोकल पकडून, स्टेशनपासून पुढे शेअर रिक्षा करून, हातात कॉफीचा थर्मास घेऊन. (तिथला चहा मी पिऊन पोट बिघडवून घेईन अशी त्यांना खात्री होती. मी तोपर्यंत दोन कप प्यायले होते.)

आम्ही चहावाल्याच्या बाकावर बसलो. समोर पोरं जाळी ओढत होती. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. मग म्हणाले, "तुम्ही आपल्या खोलीत परत जा. हे नक्को."

मी म्हटलं, "आणि व्हिसा?"

"खरं सांगूं. नाहीं दिला तर नाहीं दिला. लावण्येला मी सांगतों."

"नातवाला बघायचं नाही का तुम्हाला?"

त्यावर ते थर्मासच्या झाकणात कॉफी ओतत राहिले, ओतून झाल्यावरही. "बघायचं आहे," म्हणाले. "पण तुम्ही बशींत निजून समुद्रांत जाल, मग मी कुणाला घेऊन जाऊं?"

वन्सं, मला जरा भरून आलं, पण राख डोळ्यात गेली म्हणून वेळ मारून नेली. खाट त्याच दिवशी परत माझ्या खोलीत आली. अलमेलूने कपाळावर हात मारला आणि गजरा आणणं बंद केलं. मुलाखतीचं मात्र मी मनाशी ठरवलं, की त्यांनी काय सांगायचं ते सांगावं, शेषाद्रीचे प्रश्न आले की मी सांभाळून घेईन. वर्गात तपासनीस आले की मी तीस वर्षं हेच करत होते.

मुलाखत व्हिडिओवर झाली. अधिकारी बाई तरुण होती, लावण्याएवढीच, केस बारीक कापलेले, मागे कोरी भिंत. आधी गिरिधररावांना घेतलं, तेव्हा मला स्वयंपाकघरात बसायला सांगितलं. मग त्यांनी आपल्या खोलीत जायचं आणि मी समोर. मी इस्त्रीची साडी नेसून बसले होते. बाईने विचारलं, झोपायची व्यवस्था कशी आहे. मी इंग्रजीत, एकही चूक न करता, सांगितलं की मी डावीकडे झोपते, ते उजवीकडे, दिवा मी मालवते, आणि पहाटे त्यांचं पांघरूण घसरलं की मी नीट घालते. (पांघरुणाचं प्रश्नात नव्हतं. पण मुलांनाही मी नेहमी सांगत आले, उत्तर थोडं सविस्तर असावं.) बाई लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने मान वर केली आणि म्हणाली की तुमच्या पतींनी सांगितलं, लग्न झाल्यापासून तुम्ही वेगळ्या खोल्यांत झोपता. आणि माझी पत्नी बहुधा याच्या उलट सांगेल, असंही ते म्हणाले.

कॉपी करताना पकडलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचे कान का लाल होतात ते त्या दिवशी कळलं. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला. मुलाखत देऊन दमलेले गिरिधरराव आडवे झाले होते. बाईने कान टवकारले आणि विचारलं की शेजारी बांधकाम चाललंय का, नंतर बोलूया का. मी म्हटलं, बांधकाम नाही, ते माझे यजमान.

ती हसली नाही, पण ओठ घट्ट मिटून घेतले. मग जरा मवाळ आवाजात विचारलं की मग तुम्ही खोटं का सांगितलंत. मी म्हटलं, तुमच्या देशाला खरं समजेल असं आमच्या सल्लागाराला वाटलं नाही. ती म्हणाली, समजावून सांगा. दोघांचीही वयं झाली आहेत, रात्री त्यांना काही झालं तर तुम्हाला वेगळ्या खोलीत कसं कळेल?

वन्सं, मग मी तिला तुमच्या भावाचं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. म्हटलं, माझे पहिले पती उमाकांत झोपेत गेले. एकाच पलंगावर, माझ्या हाताच्या अंतरावर. सकाळी चहाला हाक मारली तेव्हा मला कळलं. तुम्ही त्या वेळी मिरजेहून आलात आणि मला विचारलंत, शेजारी असून तुला कळलं कसं नाही? मीही स्वतःला तेच विचारत होते, त्यामुळे तुम्ही विचारलंत त्यात वावगं काही नव्हतं. उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ते शांत झोपायचे आणि तसेच गेले, एवढंच. मी त्या बाईला म्हटलं, त्यामुळे एका पलंगाचं मला सांगू नका. आता भिंतीपलीकडे हा आवाज चालू असतो. तो थांबला की मी जागी होते, उठून त्यांच्या दाराशी जाते. ते कुशीवर वळलेले असतात, बाकी काही नाही. मग परत येऊन झोपते. त्यांच्या खोलीत त्या आवाजाने मला झोप येत नाही, आणि माझ्या खोलीत त्या आवाजाशिवाय येत नाही. यावर तुमचा काय कायदा असेल तो लावा.

बाईने वही मिटली. मग आभार मानले, आणि म्हणाली की कुटुंबातल्या कुणी वडीलधाऱ्यांनी या लग्नाबद्दल लेखी काही पाठवलं तर तेही आम्ही बघतो. मुलाखत संपली. मी पलीकडे जाऊन गिरिधररावांना उठवलं. त्यांनी विचारलं, खरं सांगितलात ना? मी म्हटलं, शेवटी शेवटी. ते म्हणाले, परवाइल्ले, म्हणजे चालायचंच, आणि कॉफी करायला गेले.

तर असं सगळं आहे. एकूण बाजी मी मारली असं माझं मत आहे. इथे उकाडा नेहमीसारखाच. माधवरावांना नमस्कार सांगा आणि पेढ्यांवर लक्ष ठेवा.

तुमची,
विद्युलता

ता. क. एक लहानसं काम आहे, लिहायचं राहून जात होतं. ती बाई म्हणाली ते लेखी निवेदन तुम्ही द्यावं, असा माझा विचार आहे. पहिल्या नवऱ्याच्या बहिणीने लिहून दिलं की हे लग्न खरं आहे, तर त्यापुढे कुणाचं काही चालणार नाही. पण न पाहिलेलं लिहू नका, मला तो अनुभव आलाच आहे. तेव्हा आधी येऊन पाहावं लागेल. खालच्या बर्थचं तिकीट मी बघते. तुम्ही माझ्या खोलीत माझ्याजवळ झोपा, म्हणजे मी वेगळी झोपते हे डोळ्यांनी पाहिलेलं होईल. इमारतीला लिफ्ट आहे, बहुतेक दिवस चालते. संडास खुर्चीचा आहे.

ता. क. पुन्हा. यायला जमणार नसेल तर तसं कळवा, मला मुळीच वाईट वाटणार नाही. दुसरं कुणीतरी बघेन. तसे माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत.

नमस्कार. मी गिरिधर. पत्र टपालांत टाकायला माझे हातीं दिलें, खालीं जागा दिसली म्हणून लिहितों. मी लिहितों हें ह्यांना ठाऊक नाहीं. व्हिसा मागल्या आठवड्यांत आला, तें मात्र ह्यांना ठाऊक आहे. निवेदन आतां कुणालाच नक्को. व्हिसा येण्याच्या आधींपासून ह्या हें पत्र लिहितात आणि फाडतात. त्या ऑफिसर बाईला भिल्या नाहींत, तुम्हांला भितात. जाण्यापूर्वीं एकदां तुम्ही यावें, इतकेंच ह्यांच्या मनांत आहे. मी खोटें सांगत नाहीं, पण एक मागतों. या, आणि कां आलात म्हणून विचारल्या तर निवेदन लिहायला आलें म्हणा.